बनाना स्लग आणि आपल्या कुंडीखालची बिनशंखाची गोगलगाय

मृगधारा
६ जुलै, रात्री ९:१२

पाऊस लागला की नागपूरच्या प्रत्येक बागप्रेमी ग्रुपवर तोच फोटो येतो. बाथरूमच्या जाळीपाशी किंवा कुंडीच्या बुडाशी चिकटलेला काळपट, चपटा, ओलसर जीव. खाली प्रश्न, "ही जळू आहे का? मीठ टाकू का?" आणि त्याखाली पटापट सल्ले: टाका मीठ. काल आमच्या त्रिमूर्तीनगरच्या ग्रुपवर एकीने मिठात वळवळणाऱ्या जिवाचा व्हिडिओच टाकला. मला राहवलं नाही, म्हणून इथे सविस्तर लिहिते आहे.

ती जळू नाही. ती गोगलगायच आहे, फक्त शंख नसलेली. रक्त पीत नाही, अंगाला डसत नाही. तिच्याबद्दल बोलूच, पण आधी अशाच एका परदेशी बिनशंखीबद्दल लिहिते. शंख टाकून दिल्यावर गोगलगायीला जगायला काय काय करावं लागतं, हे तिच्यात फार ठळक दिसतं. तिचं नाव बनाना स्लग. माझी मुलगी कॅलिफोर्नियात सांताक्रूझला असते. हिवाळ्यात तिच्याकडे राहिले तेव्हा रेडवूड नावाच्या उंच झाडांच्या रानात ही रोज भेटायची. प्राणिशास्त्र शिकवण्यात अख्खी नोकरी काढली, पण इतकी मोठी बिनशंखी मी तोवर फक्त आकृतीत पाहिली होती.

उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याला धरून, अलास्काच्या आग्नेय भागापासून खाली कॅलिफोर्नियापर्यंत, समुद्राच्या ओलाव्यावर वाढणाऱ्या जंगलांत ती राहते. अ‍ॅरिओलायमॅक्स या नावाखाली तिच्या अनेक जाती येतात. उत्तरेकडच्या कोलंबियानस जातीच्या अंगावर बहुधा काळे-तपकिरी डाग असतात, अगदी पिकून काळ्या पडायला लागलेल्या केळ्याचे असतात तसे. सांताक्रूझकडची डोलिकोफॅलस मात्र लख्ख पिवळी, एक डाग नाही. रंग सगळ्यांचा सारखाच राहतो असं नाही. खाणं, ओलावा, उजेड यांनी फरक पडतो, हिरवट आणि मातकटही सापडतात.

लांबी पंचवीस सेंटीमीटरपर्यंत जाते, वजन शंभर ग्रॅमच्या वर. जमिनीवरच्या बिनशंखी गोगलगायींत आकाराने हिचा जगात दुसरा नंबर लागतो. पहिला युरोपातल्या लायमॅक्स सिनेरिओनायजरचा, ती तीस सेंटीमीटरला पोचते.

पडलेल्या ओंडक्यावर ती चालत असताना शेजारी बसून पाहिलं तर सगळ्यात आधी नजर जाते ती उजव्या कुशीकडे. डोक्यामागे पाठीवर एक गुळगुळीत जाडसर भाग असतो, त्याला प्रावार म्हणतात. त्याच्या उजव्या कडेला एक भोक हळूहळू उघडतं, आतला काळोख दिसतो, मग ते मिटत मिटत नुसती रेघ उरते, आणि थोड्या वेळाने पुन्हा उघडतं. हे तिचं श्वासाचं दार. आत फुप्फुसाची पोकळी असते. हवा कोरडी झाली की दार जास्त वेळ बंद, कारण श्वासाबरोबर अंगातलं पाणीही बाहेर जातं.

डोक्यावर शिंगांच्या दोन जोड्या. वरच्या लांब जोडीच्या टोकाला डोळे, त्यांना उजेड-अंधार कळतो. खालची आखूड जोडी जमिनीशी, वास आणि चव घेणारी. हात लावला की शिंगं आत ओढून घेते, आणि तुटलीच तर ती पुन्हा उगवतात.

खाते काय? कुजलेली पानं, अळंबी, प्राण्यांची विष्ठा, मेलेले जीव, जे पडलं असेल ते. तोंडात रॅड्यूला नावाची पट्टी असते, तिच्यावर हजारो बारीक दात, किसणीसारखे. त्यांनी ती खरवडून खाते. जंगलात जे पडतं ते पुन्हा मातीत जायचं तर कोणीतरी त्याचा भुगा करायला हवा, ते काम ती करते. शिवाय अळंबीचे बीजाणू आणि झाडांच्या बिया तिच्या पोटातून दुसरीकडे पोचतात.

आणि हे सगळं करायला तिच्याकडे एकच हत्यार आहे, अंगाचा चिकटा. त्यावर स्वतंत्र लिहायला हवं. आज एवढंच, हात दुखले टाइप करून. प्रश्न विचारा, मला आवडेल.

---

धरमपेठकर
६ जुलै, रात्री ९:५०

मृगधाराताई, फारच छान. एक मूलभूत शंका. शंख हे इतकं चांगलं घर. पक्षी आला, ऊन वाढलं, आत शिरा आणि दार लावून घ्या. मग ते टाकून द्यायचं कारण काय? यात फायदा काय झाला?

---

मृगधारा
६ जुलै, रात्री १०:२५

धरमपेठकर, मी वर्गात शेवटच्या तासाला राखून ठेवायचे तोच प्रश्न तुम्ही पहिल्यांदा विचारलात.

शंख बांधायला कॅल्शियम लागतं, आणि ते आयुष्यभर लागत राहतं. ज्या मातीत चुना कमी, जिथे कुजणाऱ्या पानांमुळे जमीन आंबट, तिथे शंख परवडत नाही. शिवाय शंख घेऊन सालीखालच्या फटीत, दगडाखाली, मातीच्या बारीक भेगेत शिरता येत नाही. बिनशंखीला शिरता येतं. जिथे ओलावा हमखास मिळतो तिथे ओझं टाकून फटीत राहणं हा चांगला सौदा ठरतो.

हा सौदा गोगलगायींच्या एकाच घराण्यानं केलेला नाही. वेगवेगळ्या घराण्यांत, वेगवेगळ्या काळी, शंख असलेल्या गोगलगायींपासून बिनशंखी अनेकदा उत्क्रांत झाल्या. काहींमध्ये शंखाचा पातळ तुकडा प्रावाराच्या आत अजून शिल्लक सापडतो, काहींत अर्धवट शंख पाठीवर दिसतो पण जीव त्यात मावत नाही. म्हणजे वाटेतले टप्पेसुद्धा आज जिवंत आहेत.

आपल्या कुंडीखाली दिसणारी बहुतेक वेळा लेव्हिकॉलिस आल्टे असते. मूळची आफ्रिकेतली, आता उष्ण प्रदेशांत सगळीकडे पसरलेली. तिचं आणि बनाना स्लगचं घराणं वेगळं. दोघींनी शंख वेगवेगळा सोडला. फरक डोळ्यांनी दिसतो. आपलीच्या पाठीवर वेगळा प्रावार दिसत नाही, अख्खी पाठ एकसलग, चामड्यासारखी, मधोमध बहुधा एक फिकट रेघ. कुशीला ते उघडझाप करणारं भोकही नाही. थांबली की गोळा होऊन चपटी बसते, म्हणूनच लोकांना जळू वाटते.

---

काटोलवाला_संत्री
७ जुलै, सकाळी ६:४०

ताई, लेख चांगला आहे, पण आमच्याकडची गोष्टही ऐका. तुम्ही शहरातले लोक मीठ टाकू नका म्हणता. इकडे सोयाबीन दोन पानांवर आलं की रात्रीतून गोगलगायी येऊन कोंब कुरतडून राहिल्या. सकाळी जाऊन पाहा तर ओळच्या ओळ साफ. २०२२ मध्ये लातूर, बीड, उस्मानाबादकडे काय झालं ते साऱ्या महाराष्ट्रानं पाहिलं, शेतकऱ्यांना दुबार पेरावं लागलं. काहून दया करावी त्यांच्यावर? ज्याचं पीक जाते त्यालाच कळते.

---

मृगधारा
७ जुलै, सकाळी ८:०५

काटोलवाले भाऊ, तुमचं म्हणणं सोळा आणे खरं. पिकावर आलेल्या गोगलगायींचा बंदोबस्त करायलाच हवा, त्यात दयेचा प्रश्न नाही.

पण कोणती गोगलगाय, हे पाहिलं पाहिजे. मराठवाड्यात सोयाबीन खाल्लं ते शंखवाल्या गोगलगायींनी. त्यांतली मोठी ती आफ्रिकन जायंट. ती आपल्या देशात आपोआप आलेली नाही. विल्यम बेन्सन नावाच्या ब्रिटिश शंखतज्ज्ञाने १८४७ मध्ये मॉरिशसहून ती कलकत्त्याला आणली आणि तिथल्या बागेत सोडली. तिथून ती पसरत गेली. एका वेळी शेकडो अंडी घालते, आणि इथे तिला आवर घालणारे शत्रू पुरेसे नाहीत.

बनाना स्लग तिच्या मूळ जंगलात आहे. तिला खाणारे साप, सॅलमँडर, रकून, बदकं तिच्यासोबतच हजारो वर्षं राहत आलेत, म्हणून ती तिथे कधी साथीसारखी पसरत नाही. एकच प्राणी, पण जागा बदलली की हिशेब बदलतो. माझं सगळं म्हणणं एवढंच आहे की मीठ उचलण्याआधी समोर कोण आहे आणि ती काय खातेय हे बघा.

तुमच्याकडे गुळाच्या पाण्यात भिजवलेली पोती बांधाला ठेवतात का?

---

काटोलवाला_संत्री
७ जुलै, सकाळी ९:३०

ठेवतो ना ताई. संध्याकाळी पोती ओली करून गुळाचं पाणी मारायचं, सकाळी पोत्याखाली जमा झालेल्या वेचायच्या आणि मिठाच्या नाहीतर साबणाच्या पाण्यात टाकायच्या. बांधावर कोरड्या चुन्याचा पट्टा ओढतो. पण पाऊस आला की चुना वाहून जाते. एकट्यानं करून फायदा नाही, शेजारच्यानंही करावं लागते, नाहीतर त्याच्या शेतातून परत येतात. मेटाल्डिहाइडच्या विषारी गोळ्या मिळतात, त्या पण वापरल्या.

---

पंजेवाली
७ जुलै, सकाळी १०:१०

मेटाल्डिहाइडबद्दल एक कळकळीची विनंती. मी पशुवैद्यक आहे. त्या गोळ्यांची चव कुत्र्यांना आवडते. पोटात गेल्या की थरथर, झटके, ताप, आणि वेळेत उपचार नाही झाले तर कुत्रं हातचं जातं. पावसाळ्यात अशी प्रकरणं माझ्याकडे येतात. घरच्या बागेत या गोळ्या कृपया टाकूच नका. शेतात टाकायच्या असतील तर ढीग करून ठेवू नका आणि राखणीचा कुत्रा बांधून ठेवा. कुत्र्याने खाल्ल्याचं कळलं तर घरगुती उपाय करत बसू नका, गोळ्यांचं पाकीट हातात घेऊन थेट डॉक्टरकडे या.

---

काटोलवाला_संत्री
७ जुलै, सकाळी १०:४५

हे माहीत नव्हतं. धन्यवाद डॉक्टर. शेतात दोन कुत्रे आहेत, आजच गड्याला सांगतो.

---

पदार्थविज्ञानी_पोट्टा
७ जुलै, दुपारी १:२०

चिकट्याची वाट पाहून राहिलो ताई, पण तोवर माझ्या क्षेत्रातलं थोडं टाकतो. मी मटेरियल सायन्सचा आहे आणि हा चिकटा आमच्याकडे फार मानाचा विषय आहे.

गोगलगायीला पाय एकच, पोटाखालचा. तो जमिनीला चिकटलेलाही हवा आणि पुढेही सरकायला हवा. या दोन गोष्टी एकमेकींच्या विरुद्ध आहेत. कोडं सोडवलं मार्क डेनी या शास्त्रज्ञाने, १९८० मध्ये, आणि त्यासाठी वापरली ती हीच बनाना स्लग, कोलंबियानस. पायाखालचा चिकटा स्थिर असेपर्यंत घट्ट, जवळजवळ घन राहतो. त्यावर ठरावीक मर्यादेपलीकडे ताण आला की एकदम पातळ होऊन वाहतो. ताण थांबला की पुन्हा घट्ट. पायातून स्नायूंच्या लाटा शेपटीकडून डोक्याकडे जातात. लाट जिथे असते तिथला चिकटा पातळ होऊन तेवढा भाग पुढे सरकतो, लाटांच्या मधला भाग घट्ट चिकट्यावर रोवलेला राहतो. म्हणून ती उभ्या भिंतीवरही पडत नाही.

त्याच वर्षी त्याने याचा खर्चही मोजला. तेवढ्याच अंतरासाठी धावणं, पोहणं, उडणं या सगळ्यांपेक्षा असं सरपटणं जास्त ऊर्जा खातं, आणि त्यातला मोठा वाटा स्नायूंचा नाही, चिकटा बनवण्याचा आहे. प्रत्येक पावलाला रस्ता स्वतःच बनवायचा आणि मागे टाकून जायचा.

आणखी एक. २०१७ मध्ये हार्वर्डच्या गटाने ओल्या, रक्ताळलेल्या ऊतींनाही चिकटेल असा वैद्यकीय डिंक तयार केला, त्याची कल्पना एका बिनशंखी गोगलगायीच्या बचावाच्या चिकट्यावरून आली. ती बनाना स्लग नव्हे, एरियॉन सबफस्कस नावाची युरोपातली जात. धडधडत्या डुकराच्या हृदयावरसुद्धा त्यांनी तो लावून पाहिला.

---

मृगधारा
७ जुलै, दुपारी ३:००

शाब्बास रे! माझं अर्धं काम तू केलंस.

मी जीवशास्त्राच्या बाजूने भर घालते. पायाखालचा चिकटा वेगळा, पाठीवरचा वेगळा. पाठीवरचा ओलावा धरून ठेवतो आणि बचावालाही येतो. बनाना स्लगच्या कातडीतून चिकटा तयार द्रवाच्या रूपात बाहेर येत नाही. तो बारीक कणांच्या पुड्यांत बंद होऊन येतो, बाहेर आल्यावर पुड्या फुटतात आणि आतला माल पाणी शोषून कितीतरी पट फुगतो. म्हणून हाताला लागलेला चिकटा पाण्याने धुवायला गेलं की जास्तच बुळबुळीत होतो. आधी कोरड्या कापडाने खरवडून काढायचा, मग पाणी.

या चिकट्यात बधिर करणारं काहीतरी असतं. प्राण्याने तोंडात घेतली की जीभ आणि टाळा बधिर होतो, चिकटा तोंडभर फुगतो, आणि बहुतेक जण तिला थुंकून देतात. रकून मात्र तिला आधी मातीत लोळवतो, चिकट्याला माती चिकटली की मग खातो.

चिकट्याच्या वाटेत रासायनिक खुणा असतात. जोडीदार शोधायला दुसरी स्लग तीच वाट धरून येते. उंचावरून खाली यायचं असलं तर शेपटीकडून चिकट्याचा दोर सोडून लटकत उतरते. आणि कोरडा काळ आला की मातीत किंवा पानांच्या थरात शिरून भोवती चिकट्याचं आवरण करते आणि पाऊस येईपर्यंत पडून राहते.

मिठाचं काय होतं तेही यातच आलं. कातडी ओली आणि पाणी आरपार जाणारी. मीठ पडलं की अंगातलं पाणी बाहेर ओढलं जातं, ती बचावासाठी आणखी चिकटा सोडते, त्यात उरलंसुरलं पाणी जातं. ती जिवंतपणी वाळते. परवाच्या त्या व्हिडिओत तेच चाललं होतं. नको असेल तर पुठ्ठ्यावर उचलून बाहेर ठेवा. एवढं तर आपल्याला जमेल.

---

सई_आणि_रेवाची_आई
७ जुलै, संध्याकाळी ५:१५

ताई, धागा मुलींना वाचून दाखवला. आता दोघींना स्लग पाळायची आहे! हात लावला तर काही होतं का? कुठेतरी वाचलं की त्यांच्यात मेंदूचा जंत असतो. खरं आहे का?

---

पंजेवाली
७ जुलै, संध्याकाळी ६:००

खरं आहे, पण घाबरून जाण्यासारखं नाही. त्या जंताचं नाव अँजिओस्ट्राँगायलस कँटोनेन्सिस. मोठा जंत उंदरांच्या फुप्फुसांतल्या रक्तवाहिन्यांत राहतो. त्याच्या पिल्लअळ्या उंदराच्या लेंडीतून गोगलगायीत जातात, तिथे वाढतात. माणसाने कच्ची किंवा अर्धकच्ची गोगलगाय खाल्ली, किंवा लहानशी स्लग अडकलेली पालेभाजी न धुता खाल्ली तर अळ्या माणसात येतात आणि मेंदूच्या आवरणाला सूज येऊ शकते. तीव्र डोकेदुखी, मान आखडणं ही लक्षणं. लेव्हिकॉलिस आल्टे या जंताची वाहक म्हणून नोंदलेली आहे.

म्हणून: उघड्या हाताने उचलू देऊ नका, पान किंवा पुठ्ठा वापरा. हात लागलाच तर साबणाने स्वच्छ धुवायचे. पावसाळ्यात कोथिंबीर, पालक, कोबी पान-पान सुटं करून धुवा, आणि कच्ची कोशिंबीर करताना जास्तच. "औषधी" म्हणून कच्ची गोगलगाय खायचे सल्ले कोणी दिले तर अजिबात ऐकू नका.

---

मृगधारा
७ जुलै, संध्याकाळी ७:२०

डॉक्टरांनी सांगितलं ते सगळं पाळून मुलींना पाळायला नको, पाहायला द्या. एक जुनी काच घ्या, ओली करा. पुठ्ठ्यावरून स्लग काचेवर सोडा, ती स्थिरावून चालायला लागली की काच हलकेच उभी धरा आणि मागच्या बाजूने पाहा. पायाच्या तळव्यावर आडव्या पट्ट्या दिसतील, एक फिकट एक गडद, आणि त्या सगळ्या मिळून मागून पुढे सरकत असतील. प्राण्याच्या चालीपेक्षा त्या वेगाने जातात. पोट्ट्याने वर लिहिलेल्या लाटा त्याच. आपल्या बिनशंखीचा पाय अरुंद, अंगाच्या मधोमध एवढाच असतो, त्यामुळे भिंग लागेल. नसेल दिसत तर बागेतल्या शंखवाल्या गोगलगायीवर बघा, तिचा पाय रुंद असतो.

पाहून झालं की जिथून आणली तिथेच सोडायची, मुलींनाच सोडायला लावा.

---

धरमपेठकर
७ जुलै, रात्री ९:०५

नागपूरच्या मे महिन्यात या जातात कुठे? ४५ अंशात माणूस टिकत नाही, आणि यांना तर कातडीशिवाय काहीच नाही.

---

मृगधारा
७ जुलै, रात्री ९:४०

खाली जातात. आपल्या काळ्या मातीला उन्हाळ्यात भेगा पडतात, त्या खोल आणि आत गार असतात. त्यात, विटांच्या ढिगाखाली, कुंड्यांच्या बुडाशी, नालीच्या कडेच्या ओलाव्यात त्या निपचित पडून राहतात. चपटी बसण्याची सवय इथे कामी येते, उघडं अंग कमी राहतं आणि पाणी कमी उडतं. मृगाच्या सरी आल्या की सगळ्या एकदम वर येतात, म्हणून लोकांना वाटतं की पावसातून पडल्या.

इथे एक गंमत सांगते. बनाना स्लगचा पावसाळा आपल्या उलट. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर पाऊस हिवाळ्यात, नोव्हेंबर ते मार्च. उन्हाळा जवळजवळ कोरडा. तरीही रेडवूडच्या रानात त्या तग धरतात, कारण उन्हाळ्यात पॅसिफिकवरून धुकं आत येतं. शंभर मीटरच्या वर जाणारी ती झाडं धुकं पानांवर अडवतात आणि ते थेंबाथेंबाने खाली ठिबकतं. झाड धुकं गाळतं, त्या ओलाव्यात पानं कुजतात, अळंबी येते, स्लग खाते, माती होते, त्या मातीत रेडवूड उभं राहतं. झाडं तोडली तर आधी ओलावा जातो आणि पाठोपाठ स्लग.

आपल्याकडे सेमिनरी हिल्सवर जुलैत पालापाचोळा उचकून पाहा, हेच काम करणारे गोगलगायी, वाण्या, गांडुळं सापडतील. महाराजबागेत भारद्वाज त्यांना टिपताना मी पाहिलाय. काजव्याच्या अळ्याही गोगलगायींवर जगतात. बागेत सरसकट विष टाकलं की काजव्यांचं खाणंही जातं.

---

उगाच_विचारतो
८ जुलै, सकाळी ११:००

यांच्यात नर-मादी कसे ओळखायचे?

---

मृगधारा
८ जुलै, दुपारी १२:१५

ओळखायचं नाही, प्रत्येक जण दोन्ही आहे. जमिनीवरच्या बहुतेक गोगलगायींसारखी बनाना स्लगही उभयलिंगी. दोघी भेटल्या की एकमेकींभोवती गोल फिरतात, चावे घेतात, हे तासन् तास चालतं. मग बहुधा दोघी एकमेकींना शुक्राणू देतात आणि दोघीही अंडी घालू शकतात. जोडीदार मिळालाच नाही तर स्वतःचं स्वतःच फलन करून घेता येतं.

या गटाची जननेंद्रियं अंगाच्या मानाने प्रचंड मोठी असतात. डोलिकोफॅलस या जातीच्या नावात तेच नोंदलेलं आहे, आणि जाती ओळखायला अभ्यासक बाहेरच्या रंगापेक्षा याच रचनेवर जास्त भर देतात. कधी कधी मीलनानंतर एक जण दुसऱ्याचं इंद्रिय कुरतडून तोडतो. हॅरोल्ड हीथ यांनी कॅलिफोर्निकस जातीतलं हे वर्तन १९१६ मध्येच लिहून ठेवलं होतं. तोडलं गेलेलं पुन्हा उगवत नाही, तो प्राणी पुढे मादी म्हणून जगतो.

अंडी अर्धपारदर्शक, घोसाने, ओंडक्याखाली किंवा पानांत. आई घालून निघून जाते. काही आठवड्यांनी पिल्लं बाहेर येतात ती थेट आपली आपण चरायला लागतात.

---

बे_एरियातला_नागपुरी
८ जुलै, रात्री ११:३०

इतवारीत लहानाचा मोठा झालो, आता इकडेच आहे. ताई, तुम्ही सांताक्रूझची मुख्य गोष्ट सांगितलीच नाही! तिथल्या कॅलिफोर्निया विद्यापीठाचं खेळांचं मानचिन्हच बनाना स्लग आहे. प्रशासनाला समुद्रसिंह हवा होता. विद्यार्थी हटून बसले, १९८६ मध्ये मतदान झालं, स्लग मोठ्या फरकाने जिंकली. इतर विद्यापीठांना वाघ-अस्वलं, आणि या पोरांना आपल्या रानातली सगळ्यात हळू चालणारी गोष्ट आवडली. मिनिटाला पंधरा-सोळा सेंटीमीटर! २०२४ मध्ये कॅलिफोर्नियाने तिला कायद्याने राज्याची अधिकृत स्लग म्हणून जाहीर केलं.

विद्यार्थ्यांत तिला चाटायची किंवा तिचा मुका घ्यायची टूम आहे. खरंच जीभ बधिर होते म्हणतात. पण डॉक्टरांनी वर लिहिलेलं वाचून आता मी माझ्या मुलाला करू देणार नाही.

---

पंजेवाली
९ जुलै, सकाळी ७:५०

नकोच. त्यात त्या प्राण्यालाही त्रास. आपल्या हातावरचं क्रीम, सॅनिटायझर, घामातलं मीठ त्या कातडीतून आत जातं.

---

सई_आणि_रेवाची_आई
९ जुलै, रात्री ८:१०

काचेचा प्रयोग केला! आमच्या बिनशंखीने काही केलं नाही, काचेला चिकटून गोळा होऊन बसली. मग कढीपत्त्याच्या कुंडीतली शंखवाली घेतली. रेवाला आधी पट्ट्या दिसल्या, सईला दिसेनात, मग मागून टॉर्च मारला तर दोघींना स्पष्ट दिसल्या. धाकटी विचारते की ती पुढे जातेय तर पट्ट्या कुठे संपतात?

---

पदार्थविज्ञानी_पोट्टा
९ जुलै, रात्री ८:४०

रेवाला सांगा, पट्टी डोक्यापाशी पोचली की तिथे विरते, आणि शेपटीपाशी नवी तयार होते. प्रत्येक पट्टी जाताना तिला थोडंसं पुढे नेऊन ठेवते. पोरगी आमच्याकडे शिकायला पाठवा मोठी झाली की.

---

धरमपेठकर
९ जुलै, रात्री ९:३०

ताई, डिसेंबरात लेकाकडे सॅन होजेला जातो आहे. ही पाहायची तर कुठे आणि कशी?

---

मृगधारा
९ जुलै, रात्री १०:०५

अगदी बरोबर मोसमात जाताय. सॅन होजेहून डोंगर ओलांडला की फेल्टनजवळ हेन्री कॉवेल रेडवूड्स हे राज्य उद्यान आहे. पाऊस पडून गेल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी जा. नजर वर नेऊ नका, झाडं ओढून घेतात, पण पायवाटेच्या कडेला पाहा: पडलेले ओंडके, नेचे, तीन पानांच्या सॉरेलचे गालिचे. पिवळा रंग लांबूनच दिसतो. वाटेवर आडवी आली असेल तर ओलांडून जा, पायवाट सोडून आत शिरू नका, बारक्या पिल्लांवर पाय पडतो. शेजारी बसून उजव्या कुशीकडे बघत राहा. भोक उघडेपर्यंत थांबा. फोटो काढलेत तर इथेच टाका.